मनाच्या औषधांनी मान वळणं, अंग आखडणं, चुळबुळ, थरथर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मनोरुग्णांच्या घरच्यांचा आमचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एकदा भेटतो, बाकी सगळं फोनवर. आजाराबद्दल जेवढे प्रश्न येतात त्यापेक्षा जास्त येतात ते गोळ्यांनी शरीराला काय होतं याबद्दल. त्यातले फिरून फिरून येणारे इथं लिहून ठेवले आहेत. मी डॉक्टर नाही, भावाची औषधं सांभाळणारी बहीण आहे. डोस कमी-जास्त करणं डॉक्टरांचं काम. काय दिसलं तर ते काय असू शकतं आणि किती घाई करायची, एवढंच इथं मिळेल.

घाईत असाल तर: ताप, लाकडासारखं ताठ अंग आणि बरळणं असेल तर थेट प्रश्न १० वाचा. श्वास किंवा घास अडकत असेल तर प्रश्न ४. औषध सुरू होऊन दोन-चार दिवसांत मान, जीभ किंवा डोळे वळले असतील तर प्रश्न ३.

१. औषध तर डोक्याचं आहे, मग हातपाय काहून आखडतात? स्नायू खराब होतात का?

स्नायू धडधाकट असतात. बिघाड असतो तो त्यांना मिळणाऱ्या हुकुमात. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन बरीच कामं करतं. एका भागात ते जास्त सक्रिय झालं की भास, संशय, विचारांचा गोंधळ वाढतो. मेंदूच्या खोल भागात तेच रसायन आपल्या हालचालींना वंगण घालत असतं. सायकोसिसची औषधं डोपामिनची वाट अडवतात, पण त्यांना पत्ता वाचता येत नाही. दोन्हीकडे सारखीच जातात. इकडे भास कमी होतात, तिकडे वंगण कमी पडतं.

मेंदूच्या स्कॅनवरून असं दिसलं आहे की डोपामिनच्या डी-२ नावाच्या जागांपैकी साधारण ६५ टक्के अडल्या की औषध लागू पडतं, आणि ८० टक्क्यांच्या वर गेल्या की अंग आखडायला लागतं. मधली पट्टी अरुंद आहे. म्हणून एकाला जो डोस बेताचा पडतो, तोच दुसऱ्याला ताठ करतो. हे नवीनही नाही. क्लोरप्रोमाझिन हे या जातीचं पहिलं औषध १९५२ मध्ये पॅरिसमध्ये मनोरुग्णांना दिलं गेलं, आणि थोड्याच वर्षांत असे त्रास डॉक्टरांच्या लक्षात आले. चिठ्ठीवर 'ईपीएस' असं लिहिलेलं दिसलं तर ते याबद्दलच असतं.

२. कोणत्या गोळीनं जास्त होतं, कोणत्या गोळीनं कमी?

हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन, फ्लुफेनाझिन या जुन्या, जोरकस औषधांनी जास्त. रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइड मधले. रिस्पेरिडोनचा दिवसाचा डोस ६ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की त्रास झपाट्यानं वाढतो. ओलान्झापिननं कमी, क्वेटियापिन आणि क्लोझापिननं सगळ्यात कमी. अरिपिप्राझोलनं ताठरपणा कमी येतो, पण चुळबुळ बऱ्याच जणांना होते (प्रश्न ७).

'नवीन पिढीची गोळी आहे, काही होत नाही' असं कोणी म्हटलं तर मान डोलवा आणि तरी लक्ष ठेवा. ओलान्झापिन घेणाऱ्याचं अंग आखडत नसेल, पण सहा महिन्यांत पँटची कंबर बसत नाही आणि साखर तपासावी लागते. क्लोझापिनला नियमित रक्ततपासणी लागते. फुकटात काही मिळत नाही, कोणता त्रास परवडतो ते डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचं.

३. इंजेक्शन घेतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोराची मान मागे वळली, डोळे वर चढले. झटका आहे, लकवा आहे की आणखी काही?

आमच्याकडे हे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झालं. भाऊ टीव्हीसमोर बसला होता. आधी जबडा एका बाजूला ओढला गेला, मग मान उजव्या खांद्याकडे वळली आणि डोळे छताला लागले. शेजारच्या काकूंनी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडला, एक जण म्हणाला, बाहेरचं आहे, लिंबू आणा. भाऊ दात आवळूनच म्हणाला, "ताई, मला सगळं ऐकू येऊन राहिलं. डोळे खाली येत नाहीत फक्त." त्या एका वाक्यानं मला कळायला हवं होतं, पण तेव्हा काही माहीत नव्हतं. ऑटोनं कॅज्युअल्टीत नेलं. ड्यूटीवरच्या मुलीनं विचारलं, कोणतं इंजेक्शन दिलं होतं, कधी? मग दंडात प्रोमेथाझिन दिलं. भिंतीवरच्या घड्याळात मी पंचवीस मिनिटं मोजली. मान सरळ झाली, डोळे खाली आले आणि तो म्हणाला, चहा मिळेल का?

याला अक्यूट डिस्टोनिया म्हणतात. बहुतेक वेळा औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या चार दिवसांतच होतो. तरुण मुलांना जास्त, आणि आधी एकदा झालेला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त. झटक्यात म्हणजे अपस्माराच्या मोठ्या फिटमध्ये शुद्ध हरपते, इथं माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, घाबरलेला असतो आणि दुखत असतं. लकव्यात एक बाजू लुळी पडते, इथं स्नायू खेचलेला असतो. धनुर्वातातही जबडा आवळतो, पण तिथं बहुधा जखम झालेली असते आणि नवीन औषधाचा संबंध नसतो.

दवाखान्यात जायलाच पाहिजे. घरी मान सरळ करायला ओढू नका, तोंडात चमचा घालू नका. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: इंजेक्शनचा असर काही तासांत उतरतो, मूळ औषध मात्र शरीरात तसंच असतं. त्यामुळे पुढचे काही दिवस घ्यायला दिलेल्या गोळ्या 'बरं वाटून राहिलं' म्हणून सोडल्या तर रात्री पुन्हा मान वळते. या गोळ्यांबद्दल प्रश्न १२ मध्ये.

४. घसा आवळल्यासारखा वाटतो, घास अडकतो. सकाळपर्यंत वाट पाहू?

अचानक झालं असेल, आवाज घोगरा झाला असेल, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर अजिबात नाही. १०८ ला फोन करा किंवा जी गाडी हाताशी असेल तिनं निघा. घशाच्या स्नायूंचा डिस्टोनिया क्वचित होतो, पण जिवावर बेततो.

हळूहळू आलेला, महिनाभरापासूनचा अडथळा वेगळा. त्यात गिळण्याची क्रियाच मंदावलेली असते आणि ठसका लागतो. त्याचं मूळ बहुधा प्रश्न ८ किंवा ९ मध्ये सापडेल. डॉक्टरांना लवकर दाखवा, तोपर्यंत ताठ बसवून जेवायला द्या, घास लहान, मध्ये पाणी. घाईघाईनं तर्री-पोहे खाताना चणा अडकल्याचे प्रसंग आमच्या गटातच दोन झाले आहेत. भाकर कुस्करून द्या, कोरडे पोहे टाळा.

५. आमच्या पोरीला मनाची कोणतीच गोळी नाही. उलटीचं इंजेक्शन दिलं आणि मान वळली. हे कसं?

कारण मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही उलटीची औषधं डोपामिनचीच वाट अडवतात. लहान मुलं आणि तरुण मुलींना याचा त्रास पटकन होतो. उपाय प्रश्न ३ मधलाच. युरोपच्या औषध नियामकानं २०१३ मध्ये मेटोक्लोप्रामाइड जास्तीत जास्त पाच दिवस वापरावं असं सांगितलं, ते याच कारणानं.

यापेक्षा जास्त फसवणारं औषध म्हणजे लेव्होसल्पिराइड. अ‍ॅसिडिटीच्या बऱ्याच कॅप्सुलांमध्ये ते दुसरा घटक म्हणून असतं. घरातल्या आजोबांना गॅसची कॅप्सूल वर्षभर चालू, हात थरथरतात, पाय घासत चालतात, आणि सगळे म्हणतात वय झालं. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. चक्कर आणि अर्धशिशीसाठी दिली जाणारी सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन यांच्यामुळेही म्हाताऱ्या माणसांत असंच होतं. ज्याला एकदा असा त्रास झाला त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर या सगळ्या औषधांची नावं लाल पेनानं लिहून ठेवा.

६. तोंड उघडत नाही. गोळीमुळे की खर्ऱ्यामुळे?

हा प्रश्न बहुधा विदर्भातच येत असावा. फरक काळाचा आहे. गोळीमुळे जबडा आवळतो तो तासाभरात, दुखतं, आणि औषधानं सुटतो. खर्ऱ्यातल्या सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी आखडत जाते, त्याला महिने-वर्षं लागतात: आधी तिखट सोसत नाही, मग गाल आतून पांढरट आणि दोरीसारखे लागतात, मग तोंड उघडायचं कमी होतं. स्वतःची तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमध्ये जात नसतील तर दातांच्या डॉक्टरकडे जा. तो आजार कॅन्सरच्या वाटेवरचा आहे.

सुपारीचा औषधांशीही संबंध येतो. तिच्यातलं अ‍ॅरिकोलिन हे द्रव्य मान वळण्यावर आणि ताठरपणावर दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या गोळ्यांच्या (प्रश्न १२) उलट काम करतं. सायकोसिसचं इंजेक्शन चालू असलेल्या आणि भरपूर सुपारी खाणाऱ्या रुग्णांत ताठरपणा आणि थरथर एकदम वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दिवसाला किती पुड्या होतात ते डॉक्टरांना खरं सांगा. आम्ही सगळेच अर्ध्या सांगतो.

बिडी-सिगरेटचं गणित निराळं. धुरामुळे यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन लवकर संपवतं. बिडी एकदम सुटली, समजा भरती झाल्यावर, की त्याच डोसला रक्तातलं औषध वाढतं. सोडा जरूर, पण डॉक्टरांना सांगून. खर्ऱ्यात धूर नाही, त्यामुळे हा परिणाम त्याला लागू नाही.

७. भाऊ दिवसभर चकरा मारून राहिला, जेवायलाही बसत नाही. आजार वाढला का?

कदाचित. पण आधी गोळीवर संशय घ्या, आणि गोळी किंवा डोस कधी बदलला ते कॅलेंडरवर पाहा. बदलल्यावर काही दिवस ते काही आठवड्यांत सुरू झालं असेल तर हा अकॅथिसिया असण्याची शक्यता मोठी आहे. मराठीत याला धड शब्द नाही. आमच्या गटात एका मावशींनी सांगितलेलं वर्णन मला सगळ्यात बरोबर वाटतं: पाय आतून कोणीतरी ढकलतं. बसलं तर पाय हलतात, उभं राहिलं तर या पायावरून त्या पायावर. माझ्या भावानं एका महिन्यात नव्या स्लीपरच्या टाचा झिजवून फरशी लागेपर्यंत आणल्या, आणि आमचं घर दोन खोल्यांचं.

विचारताना 'अस्वस्थ वाटतं का?' असं विचारू नका, उत्तर 'हो' येईल आणि काही कळणार नाही. विचारा, "अस्वस्थ मन आहे की पाय? चाललं की बरं वाटतं का?" पाय म्हणाला आणि चालल्यावर जरा सुटतं म्हणाला, तर ते शब्द जसेच्या तसे डॉक्टरांना सांगा. हे सांगायचं राहिलं की काय होतं? आपण सांगतो 'खूप चिडचिड, बसत नाही', डॉक्टर समजतात आजार उसळला, डोस वाढतो, आणि चकरा दुप्पट होतात. आमच्याकडे ही चूक पंधरा दिवस चालली. चूक अर्धी माझी, मी 'चिडचिड' म्हटलं होतं.

याला किरकोळ समजू नका. सतत आतून ढकललं जाण्यानं माणूस इतका कंटाळतो की जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. असं काही बोलला तर त्याच दिवशी दाखवा, रात्री असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ वर चोवीस तास फोन लागतो, मराठीतही बोलता येतं.

इलाज आहे. डोस कमी करणं किंवा औषध बदलणं पहिलं. जोडीला बरेचदा प्रोप्रानोलॉल देतात. दमा असेल तर ते चालत नाही, आधी सांगा. थोड्या दिवसांसाठी क्लोनाझेपामही देतात. मान वळण्यावर जी गोळी जादूसारखी चालते ती इथं फारशी चालत नाही, म्हणून घरात शिल्लक पडलेली देऊन पाहू नका. फक्त रात्री अंथरुणावर पडल्यावरच पाय वळवळत असतील तर ते वेगळं दुखणं असू शकतं, लोह कमी असल्यानंही होतं.

८. आई हळू चालते, चेहरा मख्ख, लाळ गळते. म्हातारपण की गोळी?

औषध सुरू होऊन काही आठवडे ते काही महिने झाले असतील तर गोळी. याला औषधामुळे आलेला पार्किन्सनिझम म्हणतात. म्हाताऱ्या माणसांत, त्यातही बायकांत जास्त. चालताना हात हलत नाहीत, वळताना पूर्ण अंग एकत्र वळतं, सही बारीक होत जाते, बटण लावायला वेळ लागतो. बँकेतली जुनी सही आणि आजची सही शेजारी ठेवून पाहा, कोणत्याही तपासणीपेक्षा लवकर कळतं.

घरचे याला उदासपणा किंवा आळस समजतात. 'दिवसभर नुसती बसून असते, काही बोलत नाही' ही तक्रार आजाराचीही असू शकते आणि ताठरलेल्या चेहऱ्याचीही. डोस कमी केला किंवा औषध बदललं की बहुतेकांचं आठवड्यांत-महिन्यांत ओसरतं. औषध बंद होऊन सहा महिने झाले तरी तसंच असेल तर आत लपलेला खरा पार्किन्सन्स औषधामुळे उघडा पडला असू शकतो, तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञ लागतात. तोवर पडण्यापासून जपा: न्हाणीत रबरी चटई, रात्री दिवा.

९. जीभ आत-बाहेर होते, काही चावत असल्यासारखे ओठ हलतात. ते थांबव म्हटलं तर म्हणतो, मी काही करूनच नाही राहिलो.

तो खरं बोलतो आहे. टार्डिव्ह डिस्किनेशियात पुष्कळ रुग्णांना स्वतःच्या हालचाली कळतच नाहीत. हा उशिरा येणारा त्रास, महिने-वर्षांच्या औषधानंतरचा. साठीच्या पुढे लवकरही येतो. जीभ, ओठ, जबडा जास्त, कधी बोटं पियानो वाजवल्यासारखी, कधी कंबर. ताण आला की वाढतं, झोपेत थांबतं. जुन्या जोरकस औषधांवर असलेल्या प्रौढांमध्ये दरवर्षी साधारण शंभरात पाच जणांना हा त्रास सुरू होतो असं जुन्या अभ्यासांतून दिसतं, वृद्धांमध्ये त्याच्या कितीतरी पट. नव्या औषधांनी कमी, शून्य नाही.

दोन गोष्टी उलट्या वाटतात, त्या नीट वाचा. पहिली: मान वळण्यावरची ट्रायहेक्सिफेनिडिल इथं मदत करत नाही, उलट हालचाली वाढवते. दुसरी: ज्या औषधानं हे झालं त्याचा डोस एकदम कमी केला तर हालचाली काही काळ जास्तच दिसतात, कारण तेच औषध त्या झाकूनही ठेवत असतं. म्हणून हा बदल डॉक्टरांच्या हातानं आणि हळूहळू. टेट्राबेनाझिन आपल्याकडे मिळतं. त्यानं मन उदास होऊ शकतं, लक्ष ठेवावं लागतं. त्याच घराण्यातली वॅल्बेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन यांना अमेरिकेत या त्रासासाठी २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. औषध आधीच बंद केलं असेल तर प्रश्न १३.

लवकर ओळखलं तर परत फिरण्याची शक्यता जास्त. वर्षातून निदान एकदा, वय जास्त असेल तर सहा महिन्यांनी, डॉक्टरांना तपासणी करायची आठवण द्या. चपला काढून, तोंडातलं काढून बसवतात, जीभ बाहेर काढायला, बोटं अंगठ्यावर आपटायला सांगतात. दहा मिनिटांचं काम आहे. कवळी सैल असली तरी तोंड असंच हलतं, ते आधी बघून घ्या.

१०. मे महिन्यात ताप आला, अंग ताठ झालं, बरळून राहिला. ऊन लागलं की औषध?

घरी ठरवत बसू नका. दोन्हींपैकी काहीही असलं तरी जीव धोक्यात आहे. १०८.

डॉक्टरांना लवकर कळावं म्हणून फरक सांगते. औषधामुळे होणाऱ्या प्रकाराला न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम म्हणतात. क्वचित होतो. ताप चढतो, हात वाकवायला गेलं तर शिशाच्या नळीसारखा कडक लागतो, घाम सुटतो, नाडी आणि रक्तदाब वरखाली होतात, शुद्ध धूसर होते. स्नायू आतून झिजून रक्तातलं सीपीके (स्नायूंतून बाहेर पडणारं द्रव्य) भराभर वाढतं आणि किडनीवर ताण येतो, लघवी चहासारखी गडद होऊ शकते. बहुतेक वेळा औषध सुरू केल्याच्या किंवा वाढवल्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत होतो, पण नंतरही होऊ शकतो, विशेषतः अंगातलं पाणी कमी झालेलं असताना. उष्माघातात अंग तापतं तसंच, पण हातपाय बहुधा ढिले असतात आणि कातडी पुष्कळदा कोरडी. ४५ डिग्रीत कॅज्युअल्टीत एका मागून एक उष्माघाताचे रुग्ण येत असताना तुमचा रुग्ण त्यांच्यातलाच समजला जाऊ शकतो. म्हणून आत शिरल्यावर तुमचं पहिलं वाक्य हे असू द्या: "याला सायकोसिसचं औषध चालू आहे, हे घ्या पाकीट, शेवटचा डोस अमुक वेळी." महिन्याचं इंजेक्शन असेल तर त्याची तारीख.

गाडी येईपर्यंत सावली, ओला कपडा, पंखा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि पुढची गोळी देऊ नका. 'स्वतःहून गोळी बंद करू नका' हे मी या पानावर वारंवार म्हणते, त्याला हा एक अपवाद.

११. नवतपात घरच्या घरी काय जपायचं?

ही औषधं शरीराचं तापमान सांभाळण्यात ढवळाढवळ करतात आणि ट्रायहेक्सिफेनिडिल घाम कमी करते. घाम नाही म्हणजे गरमी नाही असं समजू नका. दुपारी बारा ते चार बाहेर नको, ओपीडीला जायचं तर सकाळीच नंबर लावा, कूलरच्या पाण्याबरोबर पिण्याचं पाणीही भरत राहा. रुग्ण स्वतःहून पाणी मागेलच असं नाही.

लिथियम चालू असेल त्यांनी आणखी जपावं. घामानं पाणी आणि मीठ गेलं की रक्तात लिथियम साचतं. हाताची बारीक थरथर मोठी होणं, जीभ जड, तोल जाणं, जुलाब-उलटी ही त्याची खूण, आणि ती वर सांगितलेल्या कोणत्याही प्रकारात बसत नाही. त्याच दिवशी दवाखाना. डोकेदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतल्यानंही लिथियम वाढतं.

१२. पॅसिटेन आयुष्यभर घ्यायची का? मेडिकलवाला तर न विचारता देतो.

पॅसिटेन म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल. मान वळणं आणि ताठरपणा यांवर उपयोगी, चकरांवर कमी (प्रश्न ७), जीभ हलण्यावर उलटी (प्रश्न ९). सगळ्यांना कायमची लागत नाही. त्रास थांबून दोन-तीन महिने झाले की हळूहळू कमी करता येते का ते डॉक्टरांना विचारा, बहुतेकांची सुटते.

विचारायचं कारण आहे. तोंड कोरडं पडतं, दात किडतात, बद्धकोष्ठ होतं, जवळचं अंधुक दिसतं, म्हाताऱ्यांना विसर पडतो आणि गोंधळ होतो. प्रोस्टेट वाढलेल्या बाबांची लघवी अडकू शकते, एका प्रकारच्या काचबिंदूत डोळा जाऊ शकतो. क्लोझापिनबरोबर बद्धकोष्ठ धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. काही तरुण नशेसाठी जास्त गोळ्या खातात, म्हणून पाकीट मोजून ठेवा. रिस्पेरिडोनच्या आणि ट्रायफ्लुओपेराझिनच्या पुष्कळ गोळ्यांत ती आधीच मिसळलेली असते, नावापुढे बरेचदा 'प्लस' असतं. म्हणजे 'आम्ही पॅसिटेन घेतच नाही' म्हणणाराही ती घेत असतो, आणि वेगळी दिली तर दुप्पट होते.

१३. त्रास नको म्हणून गोळी बंद केली. तीन आठवड्यांनी तोंड हलायला लागलं. आता?

झाकण काढल्यावर आतलं दिसलं, असं समजा. औषध थांबवल्यावर अशा हालचाली काही आठवडे दिसून आपोआप जाऊ शकतात. महिना-दोन महिन्यांत गेल्या नाहीत तर तो टार्डिव्ह प्रकार धरून इलाज करतात. घाबरून जुनी गोळी जुन्याच डोसला पुन्हा सुरू करू नका, आणि नुसती बंदही ठेवू नका, कारण मूळ आजार परतायला कधी महिने लागतात तर कधी आठवडे. पाकीट घेऊन जा. नागपुरात मेडिकल (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय), मेयो रुग्णालय, मिहानमधलं एम्स इथं मनोविकार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयातही ओपीडी आहे.

१४. महिन्याचं इंजेक्शन घेतलं आणि अंग आखडलं. इंजेक्शन काढून घेता येतं का?

येत नाही. ते तेलात किंवा कणांच्या रूपात स्नायूत साठतं आणि आठवडे उतरत राहतं. तोवर त्रासावरची औषधं देत राहावी लागतात. म्हणूनच तेच औषध आधी गोळीच्या रूपात देऊन सोसतं का ते पाहण्याची पद्धत आहे. तुमच्याकडे तसं झालं नसेल तर पुढच्या इंजेक्शनाआधी विचारा.

१५. बाबांना पार्किन्सन्स आहे, आता रात्री भास होतात. मनोविकाराची गोळी चालेल?

सगळ्यात नाजूक प्रश्न. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन अशांनी त्यांचं चालणंच बंद पडू शकतं. लागलीच तर क्वेटियापिन किंवा क्लोझापिन, तेही अगदी कमी डोस. पण आधी पार्किन्सन्सच्याच गोळ्यांमुळे, लघवीच्या संसर्गानं किंवा बद्धकोष्ठानं भास होत नाहीत ना, ते पाहतात. ज्या वृद्धांना विसरभोळेपणा, दिवसागणिक बदलणारी शुद्ध आणि लहान मुलं-जनावरं दिसण्याचे भास असं एकत्र असतं, त्यांना लेवी बॉडी डिमेन्शिया असू शकतो. त्यांना हॅलोपेरिडॉलचा एकच डोसही भयंकर लागू शकतो. भरती करताना हे नर्सताईंना सांगाच, कारण रात्री आरडाओरडा केला की तेच इंजेक्शन हाताशी असतं.

१६. गरोदरपणात गोळी चालू होती. बाळाला असं काही होईल का?

शेवटच्या तीन महिन्यांत चालू असेल तर काही बाळं जन्मल्यावर ताठ किंवा ढिली असतात, थरथरतात, दूध ओढत नाहीत. बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं, काहींना बाळांच्या अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं. बाळंतपणाआधीच बाळाच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. गोळी मनानं सोडू नका.

१७. मालिश, कॅल्शियम, कवचबीज, सर्पगंधा चालेल का?

मालिश चालेल, बरं वाटेल, त्रास जाणार नाही. कॅल्शियमची कमतरता असेल तरच कॅल्शियम. कवचबीजात निसर्गतःच लेव्होडोपा असतं, म्हणजे शरीरात जाऊन डोपामिनच. भास परत येऊ शकतात. सर्पगंधेत रेसर्पिन असतं, ते डोपामिन संपवतं, त्यामुळे ताठरपणा आणि उदासी दोन्ही वाढू शकतात. आणि हो, संत्री खा. औषधांशी भांडतं ते ग्रेपफ्रूट, आपलं संत्रं नाही.

१८. घरी मान वळते, डॉक्टरांसमोर सरळ. ते म्हणाले नाटक करतो. खरंच करतो का?

डिस्टोनिया येतो-जातो. हनुवटीला बोट लावलं तरी कधी सुटतो, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत जाऊही शकतो. नाटक ठरवण्याआधी व्हिडिओ काढा. तीस सेकंद पुरेत, चेहरा आणि हात दोन्ही दिसू द्या, मागे लाइट नको. जीभ-ओठांचा त्रास असेल तर त्याला बोटं अंगठ्यावर आपटायला सांगून काढा, लक्ष बोटांत गेलं की तोंड मोकळं हलतं. बोलण्यात तारीख, वेळ आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. माझ्या फोनमध्ये भावाचे असे अकरा व्हिडिओ आहेत. नवीन डॉक्टर भेटले की मी फाइलच्या आधी फोन पुढे करते, आणि भाऊ शेजारी बसून म्हणतो, तो तिसरा दाखव, त्यात बरोबर दिसते.